आकाश पाहायला अख्खे घर यावे म्हणून

वाचकाचे पत्र

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल म्हणून काम करते. गेल्या वर्षी २३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त, आमच्या वाचनालयाने मोठ्या उत्साहाने एक कार्यक्रम घेतला. शहरातून आलेल्या वक्त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवत दीड तास चांद्रयानाची माहिती दिली. शाळेने पाठवलेली मुले बसली होती; त्यांना सोडायला आलेले पालक मात्र फाटकाबाहेर मोटारसायकलींवर बसून राहिले. नंतर दुर्बिणीतून आकाश दाखवायचे होते, ते ढगांमुळे राहूनच गेले. एका आजींनी ‘ग्रहणात गरोदर सुनेला बाहेर जाऊ द्यावे का’ असे विचारले, तेव्हा आमचा एक तरुण कार्यकर्ता हसला. त्या आजी रोज वर्तमानपत्र वाचायला यायच्या, त्या आता येत नाहीत. एका देणगीदारांनी मोठ्या दुर्बिणीसाठी पैसे देऊ केले आहेत आणि समिती खूष आहे. मला वाटते, दुर्बीण आली तरी पालक फाटकाबाहेरच राहतील. काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली शंका रास्त आहे, आणि दुर्बिणीविषयी मी पुढे सविस्तर लिहितो. पण त्याआधी त्या आजींविषयी बोलायला हवे. त्या दिवशी सभागृहात स्वतःच्या घरातला, उत्तराची खरोखर गरज असलेला प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या त्या एकट्याच होत्या, आणि नेमक्या त्यांनाच आपण गमावले आहे. आपण स्वतः त्यांच्या घरी जावे, शक्य झाल्यास त्या तरुणालाही सोबत न्यावे, झाल्या गोष्टीबद्दल मोकळेपणाने माफी मागावी आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच घरात बसून, सुनेच्या समोर द्यावे. उत्तर गुळमुळीत नसावे. सूर्यग्रहण म्हणजे चंद्राची पृथ्वीवर पडलेली सावली. तिच्यामुळे गर्भाला अपाय करणारे कोणतेही नवे किरण निर्माण होत नाहीत. धोका असतो तो सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्यात, आणि तो गरोदर स्त्रीला जितका असतो तितकाच तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही असतो. उलट वेध पाळण्याच्या नावाखाली गरोदर स्त्रीला तासन्‌तास अन्नपाण्यावाचून ठेवले, तर त्याचा तिला त्रास होऊ शकतो. एवढे स्पष्ट बोलूनही माणसाचा मान राखता येतो. घरात सुनेची काळजी वाहणारी कोणी व्यक्ती आहे, या गोष्टीचा आदर करूनच हे बोलणे सुरू व्हायला हवे.

आता फाटकाबाहेरच्या पालकांकडे वळू. त्यांना विज्ञानाचे वावडे आहे, असे मला वाटत नाही. ‘मुलांसाठी व्याख्यान’ म्हटले की मोठ्यांना आपले काम पोहोचवण्या-आणण्याचे आहे असे वाटते, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्याची वाच्यता सहसा होत नाही. सभागृहात कोणी प्रश्न विचारला आणि आपल्या मुलासमोर आपल्याला उत्तर आले नाही तर काय, ही धास्ती पुष्कळ आई-वडिलांच्या मनात असते. दहावीला विज्ञान अवघड गेलेला माणूस चाळिशीतही त्या वर्गात पुन्हा बसायला तयार नसतो. म्हणून माझा सल्ला असा, की कार्यक्रमाची सुरुवात मुलांना ठाऊक नसलेल्या आणि मोठ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करावी. आकाश आणि जमीन या दोन्ही बाबतींत आपल्या भागात अशा गोष्टींची वाण नाही.

मृगाचेच पाहा. आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही शेतकरी आजोबांना पावसाची नक्षत्रे विचारली, तर मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी स्वातीपर्यंतची ओळ ते न अडखळता म्हणतील, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा पाऊस हेही सांगतील. त्यांच्या नातवाला बहुधा यातले काहीच येत नसते. पण आजोबांनाही एक प्रश्न विचारता येतो आणि तो बहुतेकांना नवा असतो: ७ किंवा ८ जूनला मृग लागतो म्हणजे आकाशात नेमके काय होते, आणि मृग लागलेला असताना रात्री आकाशात मृग का सापडत नाही? याचे उत्तर सांगून टाकू नये, ते उभे करावे. अंगणात मध्यभागी एक दिवा ठेवावा, तो सूर्य. भोवती गोलाकार सत्तावीस माणसे नक्षत्रांच्या नावांच्या पाट्या घेऊन उभी राहावीत, आणि आत दिव्याभोवती एखाद्या मुलीने पृथ्वी होऊन सावकाश फेरी घालावी. दिव्याच्या पलीकडे जी पाटी येते तिच्यात त्या वेळी सूर्य आहे. ते नक्षत्र दिवसा डोक्यावर असते आणि सूर्याच्या उजेडात हरवते. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो, हा आजोबांचा हिशोब इथे जसाच्या तसा जुळतो. मुलगी अर्धी फेरी घालून पलीकडे गेली की मृगाची पाटी तिच्या रात्रीच्या बाजूला येते, आणि मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ का असतो, हेही तिथेच उलगडते. यानंतर जानेवारी-फेब्रुवारीतल्या एखाद्या रात्री खरा मृग दाखवावा. पोटातल्या बाणाचे तीन तारे, ज्यांना काही भागांत तिकांडे म्हणतात, ते आजोबांनीच नातवाला बोट करून दाखवावेत. आपण तेवढा वेळ गप्प राहावे. मग तांबूस काक्षी आणि निळसर-पांढरा राजन्य या दोन ताऱ्यांच्या रंगांतला फरक सर्वांना शोधायला लावून, निळसर तारा अधिक तप्त असतो, एवढे सांगावे. बाणाच्या जरा खाली साध्या द्विनेत्रीतून, म्हणजे दोन्ही डोळ्यांना लावायच्या छोट्या दुर्बिणीतून, धुरकट डाग दिसतो, तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. तिथे आजही नवे तारे जन्म घेत आहेत. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश राष्ट्रकूटांच्या उदयाच्या सुमारास तिथून निघाला. स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवणाऱ्या त्या घराण्याचा उल्लेख लातूरकरांपुढे केला, तर १,३०० वर्षे हा नुसता आकडा राहणार नाही.

वाहनाचा प्रश्न हमखास निघेल: यंदा मृगाचे वाहन अमुक आहे, मग पाऊस चांगला पडेल का? इथेही हसू नये आणि मान डोलावून सोडूनही देऊ नये. पंचांगातल्या वाहनावरून पावसाचा अंदाज बांधायला शास्त्रीय आधार नाही, हे सांगावे आणि लगेच म्हणावे, ‘आपण मोजून पाहू.’ सरळ भिंतींची, सपाट बुडाची एक बाटली, आत मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि एक वही, एवढ्यावर घरचे पर्जन्यमापक तयार होते. ते झाडाखाली किंवा पन्हाळीखाली नको, उघड्यावर हवे, आणि भारतीय हवामान विभागाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद घ्यावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. चाळीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे चारशे लिटर पाणी वाहून गेले, हा हिशोब पाण्याचे टँकर पाहिलेल्या आपल्या भागात कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईची गणिते त्यावर फिरतात, त्यामुळे आपल्या शिवारात किती पडला आणि मंडळाच्या केंद्रावर किती नोंदला गेला, हा वडिलांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. गावाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या वीस-पंचवीस घरांनी एक पावसाळा अशी नोंद ठेवली आणि दर रविवारी वाचनालयातल्या नकाशावर आकडे लावले, तर एकाच दिवशी एका वस्तीवर किती आणि ओढ्यापलीकडे किती पाऊस झाला, हे सर्वांसमोर येईल. वाहनाचा रकानाही त्याच वहीत असू द्यावा. तीन-चार पावसाळ्यांनंतर काय जुळले आणि काय नाही, हे घरे स्वतःच वाचतील.

२३ ऑगस्टची अडचणही यातून सुटते. चांद्रयान-३ हे २०२३ मध्ये त्या दिवशी चंद्रावर उतरले, म्हणून तो दिवस आपल्या अभिमानाचा आहे, परंतु तो ऐन पावसाळ्यात येतो आणि त्या दिवशी आकाशदर्शन ठरवणे म्हणजे निराशेला निमंत्रण. तो दिवस पावसाच्या वह्या, खडक आणि माती यांच्यासाठी ठेवावा. आकाशासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ घ्यावा. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन त्यात येतो आणि त्या सुमारास संध्याकाळी मृग चांगला वर असतो. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस आहे. लातूरच्या अक्षांशावर १३ मेच्या आसपास, दुपारी साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या ठेवलेल्या तांब्याची सावली त्याच्या बुडाखाली नाहीशी होते. यासाठी कोणी वक्ता लागत नाही, कोणाला कुठे यावे लागत नाही. आदल्या आठवड्यात घरोघरी एक चिठ्ठी पोहोचवली तरी पुरे. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायला मात्र आवर्जून सांगावे, कारण खरा मध्यान्ह घड्याळातल्या बाराला का होत नाही, हा प्रश्न त्या खुणांतून आपोआप पुढे येतो. जुलैअखेर सूर्य परत डोक्यावरून जातो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

जमिनीविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण अवकाशाच्या आकर्षणात ती मागे पडते. आपल्या गावात विहिरी आणि बोअर खणणारी माणसे आहेत. मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक किती फुटांवर लागतो, काळा पाषाण लागला की पाणी का हुलकावणी देते, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही, आणि त्यांना व्यासपीठावर मानाने बसवल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही. त्यांना बोलवावे. त्यांनी थर सांगावेत आणि आपण त्या थरांचा इतिहास जोडावा: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, प्रत्येक लोटाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र झाला, मधला भाग घट्ट राहिला, आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी, हिरवट स्फटिके जमली. पाणी सच्छिद्र आणि भेगाळलेल्या थरात साठते, घट्ट पाषाणात साठत नाही. विहीर खणणाऱ्याचा अनुभव आणि भूविज्ञान इथे एकच बोलतात. खडकाचे ताजे फोडलेले तुकडे आणि चार-पाच भिंगे टेबलावर ठेवावीत. फोडताना डोळ्यांना चष्मा हवाच.

आणि मग आकाश मोकळे असलेल्या एखाद्या रात्री, हातात तो काळा तुकडा असताना, चंद्र दाखवावा. चंद्रावरचे जे काळे डाग आपण सशाच्या किंवा हरणाच्या आकारात पाहत आलो, ती बेसाल्टची विस्तीर्ण मैदाने आहेत. लाव्हा थिजून तयार झालेला, आपल्या पाट्या-वरवंट्याच्या आणि जात्याच्या दगडाच्याच जातीचा तो खडक आहे. मात्र त्याचे वय बहुतेक ठिकाणी ३०० कोटी वर्षांहून अधिक आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी आणलेल्या नमुन्यांत हाच बेसाल्ट होता. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर याच धाग्यात येते: अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर चंद्र आणि मंगळ यांच्यावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ अभ्यासतात. लोणारची सहल पुढे कधी करता येईल. आजी घरातल्या जात्यावरून हात फिरवून मग दुर्बिणीला डोळा लावते, तेव्हा चंद्र आणि घर यांच्यातला जो संबंध तिच्या ध्यानी येतो, तो पडद्यावरच्या दीड तासात येत नाही.

दुर्बिणीबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी मोठी दुर्बीण घेऊ नये. तिला वापरणारी माणसे तयार नसतील, तर ती कपाटात जाईल. सुरुवातीला १०×५० च्या, म्हणजे दहा पट मोठे दाखवणाऱ्या आणि ५० मिलिमीटर भिंगाच्या, दोन-तीन द्विनेत्री आणि त्यांच्यासाठी मजबूत तिपाया घ्याव्यात, आणि वाचनालयाच्या पुस्तकांप्रमाणे त्या घरांना आठवड्यासाठी नेऊ द्याव्यात, सोबत सूर्याकडे कधीही न रोखण्याची ठळक सूचना लावून. दरम्यान लातूर, सोलापूर किंवा पुण्याकडच्या हौशी निरीक्षकांना दुर्बिणीसह बोलवावे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. दुसऱ्या वर्षी, आपल्यातले चार-पाच जण तरबेज झाल्यावर, सहा किंवा आठ इंच आरशाची, साध्या लाकडी बैठकीची दुर्बीण घ्यावी. देणगीदारांना हे पत्र दाखवायला माझी हरकत नाही.

दुर्बिणीजवळ काय घडते, तेही ध्यानात घ्यावे. माणूस वाकतो, डोळा भिंगापासून चार बोटे दूर राहतो, काहीच दिसत नाही; मागे रांग असते, म्हणून तो संकोचाने ‘दिसलं’ म्हणतो आणि निघून जातो. वयस्कर माणसांचे तर असे फार होते. म्हणून ‘दिसलं का?’ असे विचारू नये; ‘विवराची सावली कोणत्या बाजूला पडली आहे?’ असे विचारावे. उत्तर येईपर्यंत त्या माणसाला तिथून हलवू नये, आणि प्रतिमा स्पष्ट करण्याची कळ त्याच्याच हातात द्यावी. जवळचे किंवा दूरचे दिसत नसल्यामुळे चष्मा असेल, तर तो काढून चालतो. पौर्णिमेचा चंद्र टाळावा. त्यावर सावल्या नसतात आणि तो डोळ्यांवर येतो. शुक्ल सप्तमी-अष्टमीचा चंद्र सर्वांत चांगला, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांबलचक पडलेल्या असतात. एका माणसाला एक मिनिट धरले तरी साठ माणसांना तासाहून अधिक वेळ लागतो, तेव्हा एका दुर्बिणीमागे वीस-पंचवीसच माणसे ठेवावीत आणि बाकीच्यांसाठी खडकांचे टेबल, द्विनेत्री व नक्षत्रे ओळखण्याची जागा अशी सोय असावी.

वेळेविषयी एक कळकळीची विनंती आहे. संध्याकाळी सातचा कार्यक्रम म्हणजे घरातल्या बायका येणार नाहीत, हे गृहीत धरण्यासारखे आहे, कारण ती स्वयंपाकाची वेळ. जेवणानंतर, साडेआठ-नऊला, एकेका गल्लीत किंवा वस्तीत पाच-सात घरांसाठी जमावे. बसायला खुर्च्या, सतरंज्या असाव्यात आणि परतीच्या वाटेवर सोबत असावी. निमंत्रणावर ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द नको; ते घराच्या नावाने द्यावे आणि किमान दोन पिढ्यांनी एकत्र यावे, अशी अट प्रेमाने घालावी.

लातूर जिल्ह्यात भूविज्ञानाचा कार्यक्रम करायचा आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा विषय काढायचा नाही, हे शक्य नाही. मात्र तो आनंदाच्या संध्याकाळी, स्फटिकांच्या टेबलाशेजारी काढू नये. त्यासाठी वेगळी बैठक घ्यावी, ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांनीच बोलावे, आणि ज्यांनी माणसे गमावली त्यांना कोणीही पुढे ढकलू नये. गणेश विसर्जनानंतरची ती पहाट ज्यांनी पाहिली त्यांची नातवंडे आज शाळेत आहेत, आणि इतकी माणसे का गेली, हे त्यांना कळण्याचा हक्क आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद धक्क्याने कोसळले. जीव घेतला तो मुख्यतः घरांनी. म्हणून बैठकीचा शेवट घरे पाहण्याने व्हावा: आपल्या भिंतींना दार-खिडक्यांच्या वरून सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, अंथरुणाच्या डोक्याशी जड कपाट उभे आहे का, रात्री दाराची वाट मोकळी असते का. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही, हे सर्वांसमोर ठामपणे सांगून ठेवावे, म्हणजे जमिनीतून आवाज आल्यावर मोबाइलवर फिरणाऱ्या तारखांना घरातलेच कोणी तरी उत्तर देऊ शकेल.

ग्रहणांची तयारीही आतापासून करता येईल. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढग असण्याची शक्यता मोठी आहे, तरी प्रमाणित ग्रहणचष्मे आधी मागवून ठेवावेत. एक्स-रेची फिल्म, काजळी लावलेली काच किंवा साधा गॉगल मुळीच चालणार नाही. सूर्याकडे पाहायचेच नसेल, तर दारात उभे राहून पिठाची चाळणी उन्हात धरावी. प्रत्येक छिद्रातून जमिनीवर एकेक ग्रासलेला सूर्य उमटतो. परंपरेमुळे ज्यांना बाहेर यायचे नाही, त्यांना हे उंबऱ्याच्या आतूनही पाहता येते. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. ते उघड्या डोळ्यांनी पाहण्यात कसलाच धोका नाही, थंडीचे आकाश बहुधा स्वच्छ असेल आणि त्या रात्री सगळेच जागे असतील.

समितीपुढे आपण एवढेच मांडावे: यंदा मोठा कार्यक्रम एकही नको, वर्षभर दरमहा एका वस्तीत एक छोटी बैठक हवी, आणि प्रत्येक बैठकीचे यश किती मुले आली यावर न मोजता किती घरांतून दोन पिढ्या आल्या यावर मोजावे. पहिली बैठक त्या आजींच्या गल्लीत, त्यांच्याच अंगणात घेता आली तर पाहावे. त्यांना विचारूनच, आणि त्या नाही म्हणाल्या तर आग्रह न धरता.